लेबल सापडत नसेल तर दुकान शोधा

प्रश्न थोडक्यात असा: सात इंची, ४५ च्या वेगाची (मिनिटाला ४५ फेऱ्या) एक अमेरिकन रेकॉर्ड हाती आली आहे. तिच्यावर चर्चमधल्या एका चौकडीचं गॉस्पेल, म्हणजे भक्तिसंगीत आहे, आणि त्याच लेबलच्या (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या त्याच छोट्या कंपनीच्या) दुसऱ्या रेकॉर्डवर चक्क रिदम अँड ब्लूज (आर अँड बी). लेबलवर नाव, रस्ता, शहर आणि क्रमांक, बाकी काही नाही. इंटरनेटवर एक तर शून्य, नाही तर लिलावातली एकमेकांवरून उतरवलेली दोन-तीन वर्णनं. हे लेबल कोणाचं, कोणत्या सालातलं, आणि त्यावर एकूण किती रेकॉर्ड निघाल्या, हे काढायचं कसं?

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या. १९४५ ते १९७० च्या दरम्यानची अशी बरीचशी छोटी लेबलं कोणाच्या तरी दुसऱ्या धंद्याच्या मागच्या खोलीत चालत होती. डेट्रॉइटमध्ये ३५३० हेस्टिंग्ज स्ट्रीटला जो व्हॉन बॅटल यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. जेव्हीबी हे लेबल म्हणजे त्यांचीच आद्याक्षरं. जॉन ली हूकरचे ब्लूज आणि रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं, दोन्ही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्याच शहरातलं एचओबी हे गॉस्पेलचं लेबल म्हणजे ‘हाउस ऑफ ब्यूटी’, कार्मेन मर्फी या बाईंचं ब्यूटी पार्लर. मिसिसिपीतल्या जॅक्सनला लिलियन मॅकमरी आणि त्यांचे पती विलर्ड यांनी १९४९ मध्ये फॅरिश स्ट्रीटवर हार्डवेअरचं दुकान विकत घेतलं, त्यात जुन्या ७८ च्या रेकॉर्डचा साठा निघाला. त्यातून रेकॉर्डचं दुकान झालं आणि १९५० मध्ये ट्रम्पेट हे लेबल, ज्याची सुरुवात गॉस्पेलनेच झाली. ह्यूस्टनच्या पीकॉकचं नाव डॉन रॉबी यांच्या ब्राँझ पीकॉक या क्लबवरून आलं. नॅशव्हिलची नॅशबोरो आणि एक्सेलो ही जोडी तर अर्नी यंग यांच्या टपालाने रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानाची.

म्हणून लेबलचं नाव सर्चमध्ये पुन्हापुन्हा घालून काही निघणार नाही. पत्ता धरा आणि त्या पत्त्यावर कोणता धंदा होता ते शोधा. धंद्याला फोन असतो, नोंदणी असते, वर्तमानपत्रात जाहिरात असते, डिरेक्टरीत ओळ असते. लेबलला यातलं काहीच नसू शकतं.

गॉस्पेल आणि आर अँड बी एकाच घरातून का, याचंही उत्तर दुकानातच आहे. गिऱ्हाईक तेच होतं, शनिवारी एक घेणारं आणि रविवारी दुसरं. पण चर्चच्या मंडळींना आणि गॉस्पेल वाजवणाऱ्या रेडिओ निवेदकांना दोन्हींची सरमिसळ खपत नसे, म्हणून बरेच मालक दोन नावं ठेवायचे. नॅशबोरोवर गॉस्पेल, एक्सेलोवर ब्लूज. तेव्हा तुमच्या लेबलला भावंडं असणार असं गृहीत धरूनच निघा. पत्ता तोच आणि नाव वेगळं, असं काही दिसलं की ते बाजूला काढून ठेवा.

आता वस्तू हातात घ्या. कागद-लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. तिथे जे कोरलेलं किंवा ठोकलेलं असतं त्याची किंमत लेबलवरच्या छपाईपेक्षा जास्त, कारण ते कारखान्याने स्वतःच्या कामासाठी लिहिलेलं असतं, विक्रीसाठी नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च रेकॉर्डच्या पातळीवर आडवा धरा. फिकट खुणा आडव्या उजेडातच उठून दिसतात. तरीही वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक अक्षर, टिंब, डॅश आहे तसं उतरवा. हाताने कोरलेलं कोणतं आणि शिक्क्याने ठोकलेलं कोणतं हेही लिहा. दोन्ही बाजू वाचा. घाईत एकच बाजू वाचली की नेमका उपयोगाचा शिक्का दुसरीकडे राहून जातो. आपल्याकडे जुन्या ७८ च्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांना मॅट्रिक्स नंबर, म्हणजे प्रत्येक बाजूच्या साच्याला दिलेला क्रमांक, वाचायची सवय असते. इथे तीच सवय, फक्त कारखाने वेगळे.

त्यातला सर्वांत उपयोगी पुरावा आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या कस्टम विभागाचा. ही कंपनी स्वतःच्या रेकॉर्डबरोबर बाहेरच्यांच्याही दाबून द्यायची, आणि मॅट्रिक्सचं पहिलं अक्षर साल सांगायचं: जी म्हणजे १९५६, एच १९५७, जे १९५८, के १९५९, एल १९६०, एम १९६१, एन १९६२, पी १९६३, आर १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८. आय, ओ, क्यू, व्ही ही अक्षरं या क्रमात वगळलेली आहेत, त्यामुळे मनात एबीसीडी मोजत गेलात तर साल चुकेल. कारखान्याचंही अक्षर कधीकधी वेगळं ठोकलेलं मिळतं: आय म्हणजे इंडियानापोलिस, एच हॉलिवूड, आर रॉकअवे. हे कारखान्याचं अक्षर आणि सालाचं अक्षर यांची गल्लत नेहमी होते. साल क्रमांकाला चिकटून असतं, कारखाना सुटा असतो.

कोलंबिया या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या कस्टम विभागाच्या ४५ वर बऱ्याचदा ‘झेडटीएसपी’ ही चार अक्षरं आणि पुढे आकडा असतो. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण म्हणजे वर्तुळातलं ‘एमआर’ आणि एक छोटा त्रिकोण, त्यापुढे चढत जाणारा क्रमांक. एका बाजूच्या क्रमांकाला शेवटी एक्स लावलेला असतो. ही क्रमांकांची रांग सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच होती, म्हणून तुमच्या क्रमांकाच्या आगेमागे असलेल्या, साल माहीत असलेल्या मोठ्या लेबलच्या रेकॉर्ड शोधल्या की तुमची रेकॉर्ड त्यांच्यामध्ये अडकते. सिनसिनाटीच्या राइट रेकॉर्ड्सचंही तेच. चर्चच्या गायनमंडळांपासून शाळांच्या बँडपर्यंत कोणाचंही काम तिथे व्हायचं, मॅट्रिक्स सलग चालायचे, शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खाते क्रमांक असायचा. हा खाते क्रमांक म्हणजे घबाड आहे. दोन वेगळ्या नावांच्या लेबलांवर एकच खाते क्रमांक दिसला, तर पैसे भरणारा माणूस एकच होता. लेबलची भावंडं शोधायचा यापेक्षा सरळ रस्ता नाही.

दक्षिणेकडची रेकॉर्ड असेल तर मेम्फिसचं प्लॅस्टिक प्रॉडक्ट्स आणि नॅशव्हिलचं सदर्न प्लॅस्टिक्स हे दोन कारखाने मनात ठेवा. ‘नॅशव्हिल मॅट्रिक्स’ किंवा ‘बेल साउंड’ असा शिक्का असेल तर तो अनुक्रमे धातूचा साचा बनवणाऱ्याचा आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओचा आहे. तो पाहून ‘गाणं नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित झालं’ असं लिहू नका. टेप एका गावात, साचा दुसऱ्या गावात, दाबणी तिसऱ्या गावात, हे रोजचंच होतं. आणखी एक सापळा: सालाचं अक्षर मॅट्रिक्सला क्रमांक मिळाला तेव्हाचं असतं. तीच रेकॉर्ड चार वर्षांनी पुन्हा दाबली तरी अक्षर जुनंच राहतं. दोन्ही बाजूंचे क्रमांक लागून असतील तर दोन्ही गाणी एकाच खेपेत कारखान्यात गेली एवढंच सिद्ध होतं. क्रमांकांत मोठं अंतर असेल तर एक बाजू जुनी किंवा उसनी आहे असा संशय घ्या.

लेबलवरची छपाई आता पाहा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक असेल, म्हणजे ‘डेट्रॉइट १’ अशा धाटणीचा, तर तो १९४३ मध्ये सुरू झालेला टपाल विभाग आहे. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला, आणि राज्यांची दोन अक्षरी लघुरूपंही त्याच बदलातली. जुन्या लेबलांचे साठे पुढेही वापरले जात, म्हणून विभाग क्रमांक असला की ‘बहुधा १९६३ पर्यंत’ म्हणा. पण झिप कोड असेल तर त्याआधीची रेकॉर्ड असूच शकत नाही. वर्तुळातलं पी हे चिन्ह दिसलं तर रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली किंवा नंतरची, कारण ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं. आरसीएने ४५ ची रेकॉर्ड १९४९ मध्ये बाजारात आणली, ते खालचं टोक.

समजा, लेबलवर टपाल विभाग आहे, रेकॉर्ड ४५ ची आहे आणि मॅट्रिक्सचं पहिलं अक्षर एल आहे. विभाग आणि वेग मिळून १९४९ ते १९६३ एवढा पट्टा देतात, एल त्याला १९६० वर आणून ठेवतं. आता डिरेक्टरी कोणत्या सालाची मागवायची आणि व्यापारी साप्ताहिकांचे कोणते अंक चाळायचे हे ठरलं: १९५९, १९६० आणि १९६१. एवढं न करता थेट वर्तमानपत्रांत उडी मारणारे महिनाभर चाळत बसतात.

रेकॉर्डच्या क्रमांकावर फार विसंबू नका. १ पासून सुरुवात जवळजवळ कोणी करत नसे. १०१, ५००, १००१ असे आकडे ‘आपण जुनी कंपनी आहोत’ हे दाखवायला बरे पडत. क्रमांकांत मोठ्या फटी असतात, न निघालेल्या रेकॉर्डचे आकडे अडकून राहतात, आणि गॉस्पेलची मालिका वेगळी असू शकते. पीकॉकने आधी दोन्ही एकाच मालिकेत काढलं: फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपीचं गॉस्पेल १५५० ला, बिग मामा थॉर्नटनचं ‘हाउंड डॉग’ १६१२ ला. पुढे गॉस्पेलसाठी १७०० ची मालिका निराळी झाली. त्यामुळे ‘१७०० आहे म्हणजे १६५० नंतरची’ हा हिशेब फसतो.

नावांच्या बाबतीत लेबल खोटंही बोलतं. ट्रम्पेटची १४६ क्रमांकाची १९५१ ची रेकॉर्ड घ्या. ‘डस्ट माय ब्रूम’ गाणाऱ्या एल्मोर जेम्सचं नाव लेबलवर ‘एल्मो जेम्स’ आहे, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच नाव असलं तरी तिथे गाणारा बोबो थॉमस आहे. गीतकाराच्या जागेवर तर आणखी सावध राहा. पीकॉक आणि त्याचंच भावंड असलेल्या ड्यूकच्या कितीतरी रेकॉर्डवर दिसणारा ‘डेड्रिक मलोन’ म्हणजे स्वतः डॉन रॉबी. गाणी रोख पैसे देऊन घेतली जात आणि नाव मालकाचं लागे. लॉस एंजेलिसच्या बिहारी बंधूंनीही, तेही लेबलचे मालक, टोब, जोसिया, लिंग अशी नावं वापरली. (हे बिहारी म्हणजे हंगेरियन ज्यू कुटुंब, आडनाव पाहून पाटण्याला जाऊ नका.) पण हेच खोटं नाव धागाही देतं, कारण एकाच अनोळखी गीतकाराचं नाव दोन लेबलांवर आलं तर तो मालक असण्याची शक्यता बरीच. गॉस्पेल गटांच्या बाबतीत नावामागचं गाव सोडू नका. तेच नाव तीन शहरांत तीन गट वापरत असत. ब्लाइंड बॉइज मिसिसिपीचेही होते आणि अलाबामाचेही.

पत्त्यावरून माणूस काढण्याचं मुख्य साधन म्हणजे शहराची डिरेक्टरी. बहुतेक शहरांची पोल्क कंपनीची असते. तिच्यात दोन भाग असतात: नावांनुसार आणि रस्त्यांनुसार. आपल्याला रस्त्यांचा भाग हवा. घर क्रमांक काढा, त्या जागी कोणता धंदा लिहिला आहे ते पाहा, मग तोच धंदा नावांच्या भागात शोधा, तिथे मालकाचं नाव आणि बऱ्याचदा कंसात बायकोचं नाव मिळतं. आधीचं आणि नंतरचं साल पाहिल्याशिवाय थांबू नका. दुकान कधी आलं आणि कधी गेलं ते तेव्हाच कळतं. डिरेक्टरीची माहिती छापण्याआधी काही महिने गोळा झालेली असते, म्हणून १९६१ च्या पानावर १९६० चं जग दिसू शकतं. बाई मालक असेल तर वर्तमानपत्रात ती अनेकदा नवऱ्याच्या नावाने, ‘मिसेस’ लावून येते. तिच्या स्वतःच्या नावाने शोधून काही न मिळाल्यास धंदा नवऱ्याचा होता असा निष्कर्ष काढणं ही या क्षेत्रातली जुनी आणि चुकीची सवय आहे.

भारतात बसून हे कसं करायचं? काही डिरेक्टऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर आणि वंशावळीच्या संकेतस्थळांवर आहेत. नसतील तर त्या शहराच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागाला इमेल करा. ‘या लेबलची माहिती हवी’ असं लिहिलंत तर सौजन्याचं, रिकामं उत्तर येईल. ‘१९६० च्या पोल्क डिरेक्टरीतलं, अमुक रस्त्याचं, ३५०० ते ३५९९ क्रमांकांचं पान स्कॅन करून मिळेल का’ असं लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे हे समोरच्याला दिसलं की ते होतं. डेट्रॉइटपुरतं बोलायचं तर तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बर्टन ऐतिहासिक संग्रह आहे आणि कृष्णवर्णीय कलावंतांसाठीचा हॅकली संग्रहही.

नकाशावर पत्ता सापडत नाही म्हणून तो खोटा समजू नका. हेस्टिंग्ज स्ट्रीटचा मोठा भाग क्रायस्लर फ्रीवेखाली गेला. बॅटल यांनी दुकान ट्वेल्फ्थ स्ट्रीटला हलवलं, ते जुलै १९६७ च्या दंगलीत उद्ध्वस्त झालं आणि टेपही गेल्या. त्या रस्त्याचं नावही आता रोझा पार्क्स बुलेव्हार्ड आहे. महामार्ग आणि ‘नागरी नूतनीकरण’ यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय व्यापारी वस्त्या पुसल्या, आणि आपली लेबलं नेमकी त्याच वस्त्यांतली. अशा वेळी आग-विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे लागतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांतले पुष्कळ स्कॅन केले आहेत. इमारत किती मजल्यांची, विटांची की लाकडी, दुकान की घर, हे त्यांत रंग आणि खुणांनी दाखवलेलं असतं. मागच्या खोलीत स्टुडिओ शक्य होता का, हे इथे पडताळता येतं.

कंपनी म्हणून नोंद शोधायला लोक राज्याच्या सचिवालयात जातात आणि हात हलवत परततात. एकट्या मालकाचा धंदा कंपनी म्हणून नोंदवावा लागत नसे. मिशिगन किंवा टेक्सासमध्ये अशा माणसाने काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात, ‘मी अमुक नावाने धंदा करतो’ असं प्रमाणपत्र दाखल करायचं. त्यावर मालकाचं खरं नाव, घरचा पत्ता आणि तारीख असते. एका पानाची प्रत थोड्या शुल्कात मिळते. माझ्या मते डेड वॅक्सनंतरचा सर्वांत भरवशाचा कागद हाच, आणि सर्वांत कमी मागवला जाणाराही.

गाण्यांकडून शिरायचं असेल तर कॉपीराइट कार्यालयाचे कॅटलॉग पाहा. १९७२ पूर्वी नोंद व्हायची ती रचनेची, रेकॉर्डची नाही, म्हणून लेबलच्या नावाने काही मिळणार नाही. गाण्याच्या शीर्षकाने आणि गीतकाराने शोधा. ‘ईयू’ने सुरू होणारा क्रमांक अप्रकाशित रचनेचा, ‘ईपी’ प्रकाशित रचनेचा. छोट्या लेबलची गाणी बहुतेक ‘ईयू’त सापडतात, आणि तिथली तारीख रेकॉर्ड निघण्याच्या आसपासची असते, कधी काही आठवडे आधीची. १९६३ पर्यंत प्रकाशित झालेल्या रचनेचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावा लागे. त्या नोंदीत विधवा किंवा मुलांची नावं येतात, आणि वारस शोधायला तेवढं पुरतं. छापील कॅटलॉग इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, १९७७ पर्यंतची कार्डंही स्कॅन झाली आहेत, १९७८ पासूनची माहिती कार्यालयाच्या ऑनलाइन शोधात. याच्या जोडीला बीएमआयचा, म्हणजे गीतकार-प्रकाशकांसाठी गाण्यांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचा, गाण्यांचा सार्वजनिक शोध चालवा. लेबलवर ‘बीएमआय’ आणि त्याशेजारी प्रकाशकाचं नाव असतं. तो प्रकाशक बहुतेक वेळा मालकच असतो, आणि त्याच्या नावाखालची सगळी गाणी एकत्र काढली की न पाहिलेल्या रेकॉर्डची शीर्षकं हाती लागतात.

व्यापारी साप्ताहिकांत बिलबोर्ड आणि कॅश बॉक्स ही दोन. बिलबोर्डचे जुने अंक गुगल बुक्सवर पूर्ण दिसतात. दोन्ही वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर आहेत. शीर्षकाच्या शोधावर अवलंबून राहू नका, कारण स्कॅन केलेल्या बारीक छपाईतली अक्षरं यंत्र चुकीची वाचतं. गटाचं नाव, गाण्यातला एक ठळक शब्द, रेकॉर्डचा क्रमांक, असे तुकडे वेगवेगळे टाका, आणि सालाचा पट्टा लहान झाला असेल तर समीक्षेची पानं डोळ्यांनी चाळा. बिलबोर्डने ३० नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात आर अँड बीची यादी छापलीच नाही, तेव्हा त्या दरम्यान कॅश बॉक्सच बघावं लागतं. खरं तर अगदी छोटी लेबलं दोन्हींत क्वचित येतात. पाचशे किंवा हजार प्रती दाबून चर्चच्या कार्यक्रमात आणि गाडीच्या डिकीतून विकणाऱ्याला व्यापारी साप्ताहिकाची गरज नव्हती.

त्याला गरज होती ती वस्तीतल्या वर्तमानपत्राची. डेट्रॉइटला मिशिगन क्रॉनिकल, शिकागोला डिफेंडर, मेम्फिसला ट्राय-स्टेट डिफेंडर, अटलांटाला डेली वर्ल्ड, क्लीव्हलंडला कॉल अँड पोस्ट. इंडियानापोलिस रेकॉर्डर तर हूझियर स्टेट क्रॉनिकल्सवर फुकट वाचता येतं. बातम्यांच्या पानांपेक्षा चर्चचं पान वाचा: गटाचा वर्धापनदिन, पाहुणे गट, तिकीट कुठे मिळेल. ‘तिकिटं अमुक रेकॉर्ड शॉपमध्ये’ या ओळीत लेबलचा मालक उभा असतो.

संगीतकारांच्या संघटनेचे करारनामे वादकांची नावं, तारीख, स्टुडिओ, सगळं देतात. ठरावीक सत्र तीन तासांचं आणि चार गाण्यांचं. आर अँड बीसाठी विचारून पाहा. गॉस्पेलसाठी आशा ठेवू नका: गायक त्या संघटनेत नसत, आणि गिटारवादक चर्चमधलाच असला तर करार कुठला. शिकागोत १९६६ पर्यंत कृष्णवर्णीय वादकांची शाखा वेगळी, २०८ क्रमांकाची होती, म्हणून पत्र लिहिताना काळ आणि शाखा जुळवा.

रेकॉर्ड ऐकणं हाही पुरावा आहे, पण नीट ऐका. ७८ च्या खाचेला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, ४५ ला एक मिल किंवा कमी. शेलॅकची, म्हणजे लाखेची जुनी रेकॉर्ड अल्कोहोल असलेल्या द्रावणाने पुसू नका, ती विरघळते. डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला करा आणि मूळ फाइल साफ न करता ठेवा. एक गंमत आपल्याला फुकटात मिळते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. मागच्या खोलीतल्या स्टुडिओची गुणगुण रेकॉर्डमध्ये उतरलेली असेल तर ती ६० च्या आसपास दिसते, आपल्या टर्नटेबलची ५० ला, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. तुमची टर्नटेबल अचूक ४५ ला फिरत असूनही ती गुणगुण ५८ ला आली, तर मूळ टेप सुमारे तीन टक्के मंद वाजवून साचा केला गेला. गायकाचा आवाज अनोळखी वाटण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

माणसांकडे शेवटी जा, आधी नाही. कागद हाती असतील तरच नेमकं विचारता येतं. मृत्युलेख आणि अंत्यविधीच्या वेळी वाटलेल्या छापील पुस्तिका यांत ‘त्या अमुक गटात गात’ अशी ओळ असते. डिजिटल लायब्ररी ऑफ जॉर्जियाने अशा पुस्तिकांचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ पासून खुली आहे, १९६० ची २०३२ मध्ये होईल. कुटुंबीय सापडले तर पहिल्या पत्रात प्रश्न नकोत. त्यांच्या माणसाच्या आवाजाची स्वच्छ डिजिटल प्रत पाठवा. नंतर विचारताना नाव तोंडात घालू नका. ‘पियानो अमुक वाजवायचे ना?’ याला ऐंशीच्या घरातला माणूस सभ्यपणे ‘हो’ म्हणतो, आणि ते ‘हो’ पुढे वीस ठिकाणी छापलं जातं. ‘खोलीत कोण कोण होतं?’ असं विचारा, लेबलचा फोटो समोर ठेवा आणि थांबा. जिवंत व्यक्तीचा पत्ता-फोन कुठेही लिहू नका. ‘पेटीत काही टेप आहेत’ असं कळलं तर विकत मागू नका, संस्थेकडे कशा देता येतील ते सांगा. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाचा कृष्णवर्णीय गॉस्पेल संगीत जतन प्रकल्प रेकॉर्ड डिजिटल करून नोंदवून घेतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या ब्लूज संग्रहात ट्रम्पेटची कागदपत्रं आहेत. छोट्या लेबलचा पत्रव्यवहार आणि हिशेब कसे असत हे समजायला ती पाहण्यासारखी.

हे सगळं एका तक्त्यात ठेवा. प्रत्येक रेकॉर्डला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, दोन्ही मॅट्रिक्स जसेच्या तसे, कारखाना, लेबलवरचं नाव, खरं नाव, गीतकार, प्रकाशक, पत्ता, साल. सालाशेजारी आणखी एक रकाना अवश्य ठेवा: हे साल कुठून आलं. मॅट्रिक्सवरून, वर्तमानपत्रावरून, कॉपीराइट नोंदीवरून, की अंदाजाने. डिस्कॉग्स किंवा ४५कॅट या संग्राहकांच्या संकेतस्थळांवरचं साल हा वापरकर्त्याचा अंदाज असू शकतो, म्हणून तो वेगळ्या रकान्यात. हेज आणि लॉटन यांची गॉस्पेल डिस्कोग्राफी, म्हणजे गॉस्पेल रेकॉर्डची छापील सूची, आधी तपासा, पण तिच्यातही छोट्या लेबलांच्या तारखा बऱ्याचदा ‘सुमारे’च आहेत. तीन वेगळ्या वाटांनी एकच साल आलं तर ते पक्कं. एकाच लिलावाच्या वर्णनावरून तिघांनी उचललेलं साल हा एकच पुरावा, तीन नव्हेत.

गाणी ऑनलाइन टाकायचा विचार असेल तर जरा थांबा. अमेरिकेत १९५७ ते १४ फेब्रुवारी १९७२ या काळातली ध्वनिमुद्रणं २०६७ पर्यंत संरक्षित आहेत, १९४७ ते १९५६ मधली प्रकाशनापासून ११० वर्षं. भारतातलं साठ वर्षांचं गणित तिथे चालत नाही, आणि लेबल बंद पडल्याने हक्क संपत नाहीत. ते बहुधा अशा वारसाकडे असतात ज्याला आपल्याकडे काही आहे हेच माहीत नसतं. लेबलचे फोटो, मॅट्रिक्स आणि तक्ता मात्र खुशाल खुला करा. पूर्ण गाण्याच्या आधी त्या नूतनीकरणाच्या नोंदीतल्या नावांना पत्र जाऊ द्या.